न लागलेला सिनेमा

शुक्रवारी पहिल्या खेळाला गेलो, तर थिएटरवर पोस्टर उतरवणं चाललं होतं. सिनेमा दाखवाल तर खबरदार, अशी कुणा हॅकरांनी धमकी दिली आणि कंपनीने तो सगळीकडून मागे घेतला. चेहरा नाही, आवाज नाही. कुठल्याशा खोलीतून आलेल्या चार ओळींनी इतकी दारं बंद व्हावीत, याचं नवल मला आवरेना.

त्या सिनेमातल्या लग्नाच्या गर्दीत माझी पत्नी सुमती क्षणभर दिसणार होती. चित्रीकरणानंतर काही महिन्यांत ती गेली. माझ्याकडे तिचे फोटो आहेत. हलती-हसती ती फक्त तिथेच आहे.

दारावरचे गोविंदराव म्हणाले, "मास्तर, आत या. पडद्यापुढे नारळ फोडायचाय."

"सिनेमाच नाही, मग कशाला?"

"कंपनीवाले भित्रे निघाले, त्यात पडद्याचा काय दोष? शुक्रवारची पूजा त्याची असते."

नारळ फुटला. रिकाम्या थिएटरात तो पांढरा पडदा इतका प्रचंड वाटला, की माझा आवाज आपोआप खाली आला.

गोविंदरावांनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं. "वहिनी कुठं दिसणार होत्या?"

सुमतीने सांगितलेला उजवा कोपरा मी दाखवला. त्यांनी टोपी काढली, आणि आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.