तीनपाणी काकांची गारगोटी

मुक्ता, ओम, लेकरांनो, मी अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. काचेचं प्रत्येक भांडं ते तीनदा धूत आणि तिसरं पाणी उजेडात धरून पाहत. मुलांनी त्यांचं नाव तीनपाणी काका ठेवलं होतं. स्वतःचा चहाचा कपही ते तीनदा विसळत. "धुतलेलं कोनाले दिसत नाही मॅडम, न धुतलेलं बरोब्बर दिसते," असं म्हणायचे.

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी बाहेरचे परीक्षक येऊन बसले होते. काकांनी टाकीतलं थोडं डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाणी दुधाळ झालं. म्हणजे टाकीत नळाचं पाणी मिसळलं होतं. मी हळूच म्हटलं, "आजचा दिवस चालवून घेऊ."

"पोट्ट्याइचे आकडे चुकतीन ना मॅडम! त्याइनं काय बिघडवलं?"

त्यांनी टाकी मोरीत रिकामी केली आणि सरळ परीक्षकांपुढे उभे राहिले. "सायेब, नळाची तोटी माह्या हातून उघडी राह्यली. नवं पानी काढाले दोन घंटे द्या."

त्याच आठवड्यात त्यांना नोकरीत कायम करण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर आला होता. तो पुढे वर्षभर तिथेच पडून राहिला. मला फार वाईट वाटलं. तर मलाच म्हणाले, "तुमी काहून तोंड पाडून राहिल्या? पोट्टे तं पास झाले ना!"

मागच्या दिवाळीत मी अकोल्याला, त्यांच्या लेकीकडे, त्यांना भेटायला गेले. मुक्ता, मी तुला फोनवर घेतलं होतं. तू काम करतेस त्या कारखान्यातल्या चिप गारगोटीसारख्या दगडातून काढलेल्या सिलिकॉनच्या असतात, त्यात अब्जावधी कणांत एखादा परका कणही खपत नाही, असं तू सांगितलंस. काका गादीवर उठून बसले.

"अन् धुता कोन्त्या पान्यानं?"

"तुमच्या डिस्टिल्डपेक्षाही शुद्ध, आजोबा."

"तपासते कोन?"

"मीच."

"मंग खराब दिसलं तं सांगजो, पोरी. सायबाले भेऊ नको."

गेल्या आठवड्यात काका गेले. त्यांच्या नांदगाव खंडेश्वरच्या शेतातली एक गारगोटी त्यांनी, मुक्ता, तुझ्यासाठी काढून ठेवली होती; ती त्यांच्या लेकीनं माझ्याकडे पाठवली. काल पार्सल बांधण्याआधी मी ती धुतली, कागदात गुंडाळली, आणि कागद पुन्हा उलगडून आणखी दोनदा धुतली. तिसरं पाणी काचेच्या वाटीत घेऊन खिडकीशी धरलं. स्वच्छ होतं.