बर्फाखालची खळखळ आणि आमचे आण्णा

लातुरात नळाला बारा-बारा दिवस पाणी नाही आणि चौकाचौकात चर्चा कसली, तर उदगीरचा नवा जिल्हा करायचा की नाही! करा. बादलीत काय जिल्हा भरायचा? त्या संतापातच मी एप्रिलमध्ये बर्फ बघायला निघाले. सोबत धाकटे दीर शिवराजआण्णा. डाळमिलचे मालक, पक्के शिवभक्त. पाण्यावाचून देवळातला अभिषेक बंद पडलेला, म्हणून पाच लिटरचा कॅन घेऊन निघाले. "हिमालयाचंच पाणी आणतो, वहिनी!"

नांदेडपर्यंत एसटी, तिथून दिल्लीची रेल्वे, पुढे मनालीची बस. दिल्लीपर्यंत धपाटे पुरले. नंतर राजमा-चावल, दीडशे रुपये ताट, पोटभर. मनालीहून जीपने डोंगरातला लांब बोगदा ओलांडला की सिस्सू गाव.

वाटाडे दोर्जे यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "छह बजे निकलेंगे, दस से पहले वापस." ऊन चढलं की बर्फ सैल होतो म्हणे. पण आण्णांची इष्टलिंगपूजा तासभर, मग विभूती, मग दोनदा चहा. निघालो साडेनऊला. कॉन्व्हेंटमध्ये घंटेवर वाढलेली मी. जीपमध्ये बोलायचं ते बोलून घेतलं.

इथला नाला म्हणजे डोंगरातून उतरणारी बर्फाने भरलेली घळ. तिच्या तोंडाशी दोर्जेंनी बर्फात कमरेइतका खड्डा खणला. वर रात्री गोठलेला पापुद्रा, खाली ओला बर्फ, तळाशी साखरेसारखे सुटे दाणे. त्यांनी बर्फाचा एक चौकोनी खांब कापला, फावडं ठेवून वर तीन थापा मारल्या. वरचा अख्खा भाग दाण्यांवरून घसरून पायाशी आला. "आज ऊपर नहीं."

पण आण्णांच्या कानात दुसरंच शिरलं होतं. बर्फाखाली खळखळ! "वहिनी, पाणी हाय! ऐका की!" आणि कॅन घेऊन निघालेच नाल्यातून वर. आमच्याकडे या आवाजामागे माणूस पळतच जाणार. इथे त्याचा अर्थ एवढाच की बर्फाचा पाया सुटत चाललाय.

"आण्णा, थांबा!" मान वळली नाही.

मग तीस वर्षांत पहिल्यांदा मी नुसत्या नावाने ओरडले, "शिवराज! थप्पीच्या बुडाचं पोतं ओढणाऱ्या हमालाला काय म्हणतोस?"

ते जागीच थबकले. "येडा म्हणतो."

"मग उतर खाली!"

उमटलेल्या पावलांवरूनच, एकेक पाय टाकत उतरले. समोरच्या टपरीवर चहा घेत होतो तेव्हा वरचा उतार सुटला. गडगडाट वगैरे नाही. ओल्या सिमेंटसारखा जड, सावकाश. आण्णांच्या पावलांच्या ठशांवर टेम्पोएवढे गोळे येऊन बसले. त्यांच्या हातातला चहा निवून गेला.

कॅन शेवटी गावातल्या नळावर भरला. महादेवाने तक्रार केलेली नाही.

तुम्हीही वसंतात जाणार असाल तर पहाटे निघा, आणि खड्डा खणून बघणारा माणूस 'नाही' म्हणाला तर मुकाट्याने परत फिरा.

परवा आण्णा गल्लीत सांगत होते, "शंभूनं वाचवलं."

"शंभूने नाही, दोर्जेंच्या फावड्याने," मी म्हटलं. "आणि माझी पहिली हाक ऐकू आली नव्हती का?"

"आली होती की," ते खाली बघत म्हणाले. "म्हटलं, दोन मिन्टाचं तर काम हाय."

तेव्हापासून मी त्यांना शिवराजच म्हणते. वाईट वाटलं तर वाटू दे. थांबतात तरी.