नवा खाल्ला का, मास्तर?

परदेशातला तो लांबलचक नंबर दिसला, तेव्हा जव्हारच्या आश्रमशाळेत मधली सुट्टी होती. मी फोन उचलला नाही. लहानू असेल, पुन्हा तेच विचारील, असे वाटले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. आवाज लहानूचा नव्हता. त्याच्या खोलीत राहणारा बिहारकडचा एक जण बोलत होता. कामावरच लहानूच्या छातीत कळ आली आणि सगळे संपले...

लहानू माझा बालमित्र. मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर दोघांची शेते बांधाला बांध लागून. फरशी बसवण्याच्या कामासाठी तो आधी ठाण्याला आणि आठ वर्षांपूर्वी आखाती देशात गेला. जाताना आपले शेत त्याने माझ्या हाती सोपवले. लिहून काही घेतले नाही. त्या कोऱ्या विश्वासाचाही मला पुढे संशय येऊ लागला.

पहिल्या वर्षी तो फोनवर फार बोलायचा. तिकडे पाऊस नाही, त्यामुळे महिना कोणता ते कळत नाही. बूट काढले की पायांना जमीन सापडत नाही. "आन् मास्तर, हितं पोत्यातला भात कुणी लावला, तं कुणालाच ठावा नाय," असे म्हणून तो हसे. मला ते हसणे खोटे वाटे. पुढे तो रुळला. कामापुरती अरबी शिकला, खोलीचा स्वयंपाक करू लागला. बोलणे कमी झाले आणि उरले ते केवळ प्रश्न. बांधावरचा मोह उभा आहे ना? पाऊस कसा झाला? मला वाटे, हा दुरून बांध मोजतो आहे, पीक जोखतो आहे.

एक प्रश्न मात्र तो दरवर्षी न चुकता विचारी : "नवा खाल्ला का, मास्तर?" आमच्याकडे नवे पीक आले की पहिला घास देवाला आणि पूर्वजांना ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. तोच नवा. शेत ज्याने कसले, त्यानेच तो ठेवायचा आणि घरच्यांना सांगायचे.

यंदा खोडाळ्याच्या बाजारात कुणीसे म्हणाले, लहानू कायमचा परत येणार आहे, शेत मागणार आहे. त्यानंतर चारच दिवसांनी त्याचा फोन आला. "नवा खाल्ला का, मास्तर?" आम्ही तो आठवडाभरापूर्वीच खाल्ला होता. पण हो म्हणावे, तर हा पुढे किती पिकले ते विचारील, मग शेत कधी सोडतोस ते... मी म्हणालो, "अजून नाही." तो म्हणाला, "बरा. मंग थांबतो." येण्याचे लांबले, या समजुतीने मला सुटल्यासारखे वाटले. त्यानंतर दोनदा त्याने विचारले आणि दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिले.

तो बिहारी सोबती फोनवर रडत म्हणाला होता, "चाचा चावल को हाथ नहीं लगाते थे. बोलते थे, मास्तर हां बोलेगा, तब खाऊंगा." म्हणजे इकडे पीक पिवळे पडले की तिकडे लहानूचे भात खाणे बंद होई. पोत्यातला तांदूळ नवा की जुना हे कळायचे नाही, म्हणून तो सरसकट सोडायचा. माझा होकार गेला की साऱ्या खोलीसाठी भात रांधून पहिला घास खिडकीत ठेवायचा. यंदा तो शेवटपर्यंत नुसत्या रोटीवर राहिला.

दिवसकार्य उरकल्यावर खोडाळ्याला त्याच्यामागे उरलेल्या एकुलत्या बहिणीकडे, भीमीकडे गेलो आणि सगळे सांगितले. ती नागली पाखडत होती. सूप थांबले.

"मास्तर, पोरांना खरा बोलाया शिकवतोस ना रं तू?"

मी खाली मान घालून म्हणालो, "भीमी, शेत आता तुझे."

"शेताचा मंग बघू. त्याला नव्याचा निरोप कोण देनार, तं सांग."

लहानूला शेत हवे होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. हवे असते तरी ते त्याचेच होते.

आमच्या ओटीवर कणगी आहे, तिच्यात त्याच्या शेताचे भात आहे. जेवताना पत्नी माझ्या ताटात नागलीची भाकरी ठेवते, भाताचे पातेले पुढे घेते आणि रोज विचारते, "वाढू?"

"अजून नाही," मी म्हणतो.