माझ्या हातून वाचलेले गुरुजी

जिंकलेला डाव सांगायला दोन मिनिटं पुरतात. हातचा घालवलेला डाव मात्र माणूस वर्षानुवर्षं सांगत बसतो. माझ्याकडे तर दुसरा मालच नाही!

मी चिखलीकडच्या एका गावात पोस्टमास्तर होतो. पोस्ट बंद झालं की शामराव शिंप्याच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडायचा. समोर शाळेचे हेडमास्तर, वानखडे गुरुजी. त्यांना एकदा, फक्त एकदा हरवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

*

आमच्या पटातला एक पांढरा हत्ती हरवला होता. त्याच्या जागी शामरावांनी दोऱ्याचं रीळ दिलं होतं. एके दिवशी गुरुजींचा राजा कोपऱ्यात सापडला. हत्ती सरकवला की मात! मी हात पुढे केला, तर रीळ गायब.

"शामराव, माहा हत्ती!"

"थांबा न जरा, पाटलाच्या सदऱ्याले काजं करून राह्यलो."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "पटावर नाही, तो मेला समजा."

सदरा मात्र झकास झाला. पाटील तो घालून पोस्टात आले की मला काजांमध्ये माझा हत्ती दिसायचा.

*

एकदा तर मात एका चालीवर आली होती. चाल गुरुजींची होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मला आनंद आवरेना. मी ओरडलो, "आज सगळ्याइले चहा माह्याकडून!"

गुरुजी दचकले. "काऊन हो, पोस्टमास्तर?"

त्यांनी चष्मा पुसला, पटाकडे नीट पाहिलं आणि राजा अलगद बाजूला घेतला. पुढे डाव त्यांनीच जिंकला. चहाही प्याले, दोन कप!

*

आणखी एकदा गुरुजी पार अडकले होते. अर्धा तास झाला तरी हलेनात. शेवटी दिवेलागण झाली आणि डाव बरोबरीत सोडला. चप्पल घालताना गुरुजी म्हणाले, "चाल तुमची होती, पोस्टमास्तर."

*

मग गुरुजींची देऊळगाव राजाला बदली झाली. मला खरंच वाईट वाटलं. एसटीत चढताना ते म्हणाले, "डाव पोस्टकार्डावर खेळू."

आठ दिवसांत चाल आली नाही तर डाव गेला, हा नियम मी घातला. गुरुजी विसराळू ना!

चार महिने कार्डं आली-गेली. आणि एके सकाळी मला ती चाल दिसली. घोडा उचलला की मात! तीनदा तपासलं. कार्ड लिहिलं, स्वतःच्या हाताने त्यावर शिक्का मारला. येईल त्याला दाखवलं. चहाचा डाग पडू नये म्हणून टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि वर टपालाचं रजिस्टर उघडून कामाला लागलो. दुपारी टपालाची थैली बांधून एसटीत चढवली. पुढे रोज एक थैली बांधत होतो आणि गुरुजींचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढे आणून एकटाच हसत होतो.

बाराव्या दिवशी गुरुजींचं कार्ड आलं. वाचायला टेबलाशी बसलो, रजिस्टर बाजूला सारलं, तर काचेखालून माझं कार्ड माझ्याकडे बघत होतं.

गुरुजींनी लिहिलं होतं: "आठ दिवस झाले, चाल आली नाही. नियमाप्रमाणे डाव माझा. तुमच्या गावचे पोस्टमास्तर फार ढिले दिसतात. त्यांची तक्रार कोणाकडे करावी, ते उलट टपाली कळवावे."