वहिनीजवळ

ग्वाल्हेरजवळच्या साऱ्या लष्कर शहरात आपल्याच अशिलाला हरवायला निघाल्यासारखा बोलणारा वकील एकच होता, आणि नेमका तोच आमच्या अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, वाट्याला आला. त्यांना आम्ही घरात कधी नावाने ओळखलं नाही. ते 'अक्काचे वकील'च राहिले. माझ्या मते परमेश्वराने त्यांना घडवलं ते लोकांचा जीव टांगणीला लावण्यासाठी, आणि मग चूक लक्षात आल्यावर घाईघाईने त्यांच्यात थोडी माया मिसळली.

खरं तर ते आमची पहिली पसंती नव्हतेच. अक्काच्या यजमानांनी मुलगा होत नाही म्हणून दुसरं लग्न केलं, आणि अक्का आपल्या सात वर्षांच्या चिमीला घेऊन माहेरी आली. महिन्याभरात तिकडून अर्ज पडला की मुलगी बापाची, ती बापाकडे द्या. माझे वडील, नाना, हादरलेच. अक्का दिवसभर चिमीला नजरेआड होऊ देईना. पोर अंगणात खेळायला गेली तरी ही दारात उभी. मग नाना आणि मी वकील शोधायला निघालो. आमच्या दक्षिणी, म्हणजे मराठी मंडळींचं लष्कर म्हणजे एवढंसं गाव, इथे कोणीही कोणाचा तरी साडू नाहीतर व्याही निघतोच. पहिल्या वकिलांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि व्याह्यांचं आडनाव कानावर पडताच त्यांना खोकल्याची अशी ढास लागली, की आम्ही जिना उतरेपर्यंत ती थांबली नाही. दुसरे सरळ म्हणाले, "अहो, त्यांच्या पंगतीला बसतो मी, कसा उभा राहू?" तिसऱ्यांनी मात्र कमाल केली. "मुलगी देऊन टाका हो नानासाहेब. बाईमाणूस, वर्षभर रडेल आणि गप्प बसेल." नाना बाहेर येऊन दौलतगंजातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि पगडी मांडीवर घेऊन तिच्याकडेच बघत राहिले. वडिलांना असं रस्त्यावर बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी घरी आल्यावर आई म्हणाली, "मग त्या विक्षिप्ताकडे जा. कोणी जात नाही त्याच्याकडे, म्हणजे तो मोकळा असेल."

मोकळे होतेच. का होते, ते पाच मिनिटांत कळलं. त्यांची पहिली खोड अशी, की अशिलाने आपली बाजू सांगायला तोंड उघडलं की हात वर करून म्हणायचे, "तुमची बाजू मला ठाऊक आहे, तुम्ही निष्पाप आहात. आता समोरच्याची सांगा." आणि नुसती सांगून भागत नसे, ती त्याच्या वतीने, जोर लावून सांगावी लागे. जमिनीच्या तंट्यासाठी आलेला एक सावकार म्हणे भावाची बाजू मांडता मांडता इतका रंगला, की घरी जाऊन त्याने तंटाच मिटवला, आणि वकीलसाहेबांची पंचाईत झाली. अक्काला त्यांनी समोर बसवलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ही रडणार. पण अक्का पदर सावरून बोलायला लागली. "मी तिचा बाप आहे. तिला ताप आला तर मी रात्रभर बसतो. माझी आई म्हणाली म्हणून मी दुसरं लग्न केलं, मला आईला नाही म्हणता येत नाही. पण पोरीवर माझा जीव आहे." एवढं बोलून ती थांबली. "खरंच आहे त्यांचा जीव," ती आमच्याकडे बघून म्हणाली, आता स्वतःच्या आवाजात. वकीलसाहेब डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडून म्हणाले, "केस घेतली."

मग त्यांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. ही दुसरी खोड. वाईट बातमी सांगायची तर पगडी उतरवून सांगायची, असा त्यांचा नेम होता. पुढे पुढे आम्हांला त्याची इतकी धास्ती बसली, की उकडतंय म्हणून त्यांनी पगडीला हात लावला तरी आई देवाला हात जोडायची. त्या दिवशी ते म्हणाले, "नानासाहेब, सोडचिठ्ठीबिडचिठ्ठी विसरा. आपल्यात लग्न सुटत नाही, फक्त माणसं सुटतात. मुलीपुरतं भांडता येईल. पण कायदा आधी बापाकडे बघतो. मी जिंकवीन असं म्हणत नाही." नानांनी विचारलं, "मग काय म्हणता?" तर म्हणाले, "भांडेन असं म्हणतो."

तिसरी खोड म्हणजे त्यांचं हिंदी. तीन पिढ्या ग्वाल्हेरीत काढून त्यांच्या घराण्याने हिंदीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. टांगेवाल्याला म्हणायचे, "ए भय्या, तुम्हारा घोडी दमला है क्या?" त्यावर 'तुम्हारा' नव्हे 'तुम्हारी' आणि 'दमला' नव्हे 'थकी', हेच तो टांगेवाला वाटभर त्यांना शिकवायचा. आणि कोर्टात तर उत्तरेकडून नवेच आलेले जज्ज, उर्दूमिश्रित गोड बोलणारे. समोरचे वकील आमच्याच दक्षिण्यांपैकी, पण त्यांची जबान अशी सफाईदार, की बोलायला लागले की शिपाईसुद्धा मान डोलवायचा. आमचे उभे राहिले की पेशकाराची, म्हणजे जबाब लिहिणाऱ्या कारकुनाची, लेखणी अडखळायची. मी नानांच्या कानात म्हटलं, "आपण भाषेतच हरलो." नानांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

कोर्टात चिमीच्या जबाबाची पेशी, म्हणजे तारीख, लागली तेव्हा आई हट्टाला पेटली. पोरीला काहीतरी पढवा, म्हणाली. वकीलसाहेब असे उसळले, की शेजारचे लोक डोकावले. "मुळीच नाही! पढवलेलं पोर पोपटासारखं बोलतं, आणि जज्ज पोपटाला पिंजऱ्यातच पाठवतो. ती मनात असेल ते बोलेल. तुम्ही तिला फक्त वेणी घाला." त्या सकाळी अक्काने तिची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली.

जज्जांनी चिमीला जवळ खुर्चीवर बसवलं. प्रेमाने विचारलं, "बेटी, किसके पास रहोगी?" चिमी स्पष्ट म्हणाली, "वहिनीजवळ."

पेशकाराने लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "बहिनी के पास."

"बहन?" जज्जांनी वर पाहिलं. "इसकी तो कोई बहन नहीं."

अहो, आमच्या घरांतली ही जुनी रीत. अक्काचे धाकटे दीर तिला वहिनी म्हणत, ते ऐकून चिमीही लहानपणापासून वहिनीच म्हणायला लागली. आम्हांला त्यात कधी वेगळं वाटलंच नाही, मग पोरीला 'आई म्हण' असं सांगायचं कोणाला सुचणार? समोरच्या वकिलांना हे कळलं नसेल, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण ते उठले आणि त्या मधाळ आवाजात म्हणाले, "हुज़ूर, ग़ौर फ़रमाइए. बच्ची ने माँ का नाम तक नहीं लिया. घर में जो नई बहू आई है, कमउम्र है, उसी को बहन समझती होगी. उसी के पास जाना चाहती है." जज्जांनी मान हलवली. पेशकाराने लेखणी दौतीत बुडवली. अक्काने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की तिच्या बांगड्या मला रुतल्या. आणि मी बघतो तो वकीलसाहेबांचा हात पगडीकडे गेलेला. संपलं, मी म्हटलं. पण त्यांनी पगडी काढली नाही, नीट बसवली आणि उठले.

"हुजूर, मेरेको एक सवाल पूछनेका है. बच्चीको नहीं, इन वकीलसाहबको. आपके मातोश्रीको आप क्या बोलते?"

"इसका मुक़दमे से क्या ताल्लुक़?"

जज्ज म्हणाले, "जवाब दीजिए."

समोरचे वकील पायांकडे बघायला लागले. सगळ्या लष्कराला ठाऊक होतं, त्यांना टाळताच येईना. "काकू," ते पुटपुटले.

"काकू मतलब, हुजूर, चाची. तो ये क्या चाचीके पोटसे आये?"

कोर्ट खदखदलं. पेशकारसुद्धा हसला. जज्ज मात्र हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली, चष्मा काढला. "हमारे यहाँ भी चाचा लोग जो कहते थे, वही हम भी," ते हळूच म्हणाले. "हम अपनी माँ को भाभी कहते थे." मग चिमीकडे वळून, "बेटी, तुम्हारी वहिनी यहाँ हैं? जाओ उनके पास." चिमी खुर्चीवरून उतरली. वाटेत बापाच्या बाकाशी क्षणभर थबकली. मग ती आली आणि अक्काच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली. मी रडलो. कोर्टात रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मुलगी आईजवळच राहील आणि बापाला भेटायला मुभा असेल, असा हुकूम झाला. आई पेढे आणायला पाठवणार होती, पण वकीलसाहेब तिच्यावर खेकसले, "संसार मोडल्याचे पेढे वाटत नाहीत!" बाहेर आलो तर चिमीचे वडील एकटेच पायऱ्या उतरत होते. चिमीने त्यांना हाक मारली, "अण्णा, तुम्ही चला ना आमच्या टांग्यात." ते नुसते हसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून रस्त्याला लागले. आमचे वकीलसाहेब उगीच घोड्याच्या लगामाकडे बघत राहिले.

टांगा निघाला. मागच्या बैठकीवर आई, अक्का, तिच्या मांडीवर चिमी आणि मी, पुढे वकीलसाहेब आणि नाना. चिमीचे वडील मागून चालत येत होते. त्यांची वाटही तीच. टांगेवाल्याने चाबूक उचलला तशी वकीलसाहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "धीरे धीरे चलाव रे, किसको जल्दी है." टांगा पायी चालल्यासारखा चालू लागला. वाटभर चिमी हात हलवत होती आणि मागून तेही हलवत होते. वळणावर ते त्यांच्या गल्लीत शिरले तरी ती हात हलवतच राहिली, आणि घर येईपर्यंत वकीलसाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. आता वकीलसाहेब राहिले नाहीत. इतकं करून जिंकलेला आणि जिंकून इतका खिन्न झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.