लाल्या आईवरच का गुरगुरायचा

मी एका गुजराती कुत्र्याला तीन दिवस मराठीत उपाशी ठेवलं. मुद्दाम नाही हो. ट्रेनिंगच्या व्हिडिओत सांगितलं होतं, आधी बसवा, मग खायला द्या. म्हणून मी ताटली पुढे करून ‘बस, बस’ म्हणायचो... आणि लाल्या तोंड मागे घेऊन केविलवाणा बघत राहायचा. शेवटी शेजारच्या कोकिळाबेन कुंपणावरून म्हणाल्या, “सुधीरभाई, तमे तो एने खावानी ना पाडो छो! बेसाडवो होय तो ‘बेस’ कहो ने!”

गुजरातीत ‘बस’ म्हणजे पुरे; मी त्याला खाऊच नको म्हणत होतो. जन्मापासून बडोद्यात राहणाऱ्याला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. तेव्हा पुढच्या हकिकतीत माझ्या अकलेवर किती विसंबायचं, ते तुम्हीच ठरवा.

भुतंबितं मी मानत नाही... म्हणजे मानत नव्हतो. मी गोरव्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मापाचं गेज लावल्याशिवाय मी साधा बोल्टसुद्धा पास करत नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. मेधा, माझी बायको, शाळेत शिकवते, मी कारखान्यात. आई दिवसभर एकटी, आणि तिने बोलणंच टाकलं होतं. म्हणून वासणा भागातल्या एका काकांकडून हा तांबूस कुत्रा आणला. ते मुलाकडे परदेशी निघाले होते. त्यांच्याकडे तो लालियो, आमच्याकडे लाल्या.

आणि ज्या आईसाठी आणला, हा पठ्ठ्या घरात फक्त तिच्यावर गुरगुरायला लागला.

तेही एरवी नाही. तिच्या हातून पोळी खायचा, स्वयंपाकघरात तिच्यामागे शेपूट हलवत फिरायचा. पण चार वाजता चहाचा कप घेऊन ती हॉलमधल्या हिंचक्यावर – आम्ही बडोदेकर झोपाळ्याला हिंचकाच म्हणतो – बसायला गेली की दात काढून गुर्रर्र... ती बाजूला झाली की गप्प. तिथे मी बसलो, मेधा बसली, कोकिळाबेन बसल्या, तर हा ढिम्म.

मी चार दिवस रजा टाकली. कड्यांना तेल घातलं. लाल्याला डॉक्टरांकडे नेलं, त्यांना काही सापडलं नाही. मग वाटलं, तिच्या साडीचा वास असेल. म्हणून आईची साडी गुंडाळून स्वतःच हिंचक्यावर बसलो. लाल्या आनंदाने पदर चावू लागला आणि नेमक्या तेव्हाच कोकिळाबेन वाटी परत करायला आल्या.

“सारी लागे छे साडी,” एवढंच म्हणून गेल्या. छान दिसते म्हणे.

मेधा मात्र हसली नाही. “सुधीर, आईंना चावला तर? त्याला दुसरं घर बघू या.” पाणीगेटचा एक जण तयार झाला. रविवारी पाचला न्यायला येणार होता.

आईने वाद घातला नाही. भाजी निवडता निवडता मला म्हणाली, “मुक्या जनावराला कळतं रे. शेवटी यांना सोडून मी खाली चहाला गेले होते ना...”

हॉस्पिटलातली ती दहा मिनिटं. तेवढ्यातच बाबा गेले होते. वर्षभर ती हे मनात घेऊन फिरत होती आणि आता तिला वाटत होतं, कुत्र्याने ते ओळखलंय. मी सवयीने काहीतरी विनोद करायला गेलो. जमला नाही.

रविवारी चारला ती कप घेऊन आली. लाल्याचा पट्टा, ताटली, चादर दारापाशी बांधून ठेवली होती. ती हिंचक्याजवळ गेली. गुर्रर्र. ती थांबली. हातातला कप हिंदकळला, तशी तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो, सरका की जरा! सगळा हिंचका अडवून बसलाय.”

बाबा पेपर पसरून मधोमध बसायचे. हे वाक्य आम्ही दर रविवारी चारला ऐकलं होतं.

लाल्या गप्प झाला. त्याची मान हळूच मधून उजवीकडे वळली, कुणी सरकताना बघावं तशी. आई डाव्या कडेला टेकली. तो आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवून पडला.

पाणीगेटचा माणूस चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

मी गेज लावून बघितलंच. आई न बोलता बसायला गेली, गुरगुर. ‘अहो, सरका’ म्हणाली, गप्प. वासण्याच्या काकांना फोन केला, तर म्हणाले, “अमारा घरमां हिंचको ज नथी, भाई.” बाबांना या कुत्र्याने कधी पाहिलेलं नाही. आई आता रोज चारला बरंच बोलते... कुणाशी, ते आम्ही विचारत नाही.

एक शंका मात्र राहिली होती. परवा विचारलीच. “आई, तिथे कुणी असेलच, तर आम्ही न विचारता धपकन बसतो तेव्हा लाल्या का गुरगुरत नाही?”

तिने कप खाली ठेवला.

“मेधा नाहीतर कोकिळाबेन आल्या की ते मान राखून उठायचे, सुध्या. तू बसलास की कंटाळून.”