वैजंता विचारायला येते

रविवारची दुपार आहे. अंगात ताप आहे, म्हणून मोठ्या सिस्टरनं मला आजारी मुलींच्या खोलीत आडवं व्हायला लावलंय. खोलीत चार खाटा आहेत, माझी सोडून तिन्ही रिकाम्या. बाहेर मैदानावर मुली चेंडू खेळतायत. चेंडू भिंतीवर आपटतो, मुली ओरडतात, पुन्हा आपटतो.

खरं तर या वेळी मी तिथं असायला हवं. आम्ही सिस्टर लोक व्रत घेतो ते याचंच. मुलींच्या मधोमध राहायचं. मैदानावर, पंगतीत, अभ्यासाला. इतकं मिसळून राहायचं की कुणाला शिक्षा करायची वेळच येऊ नये. त्यांच्यात देव दिसला नाही तर चॅपलमध्येही दिसणार नाही, असं मी नव्या सिस्टरांना शिकवते. सव्वीस वर्षं शिकवतेय.

डोळे जड होतात. चेंडू भिंतीवर आपटतो आणि त्याचा आवाज लांब जातो. पुन्हा आपटतो, आणखी लांब. मग आपटतच नाही.

दारात वैजंता उभी आहे.

वैजंता डोईफोडे, आठवीतली. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, अनवाणी. ती मरून चार वर्षं झाली हे मला माहीत आहे. स्वप्नातही माहीत आहे, आणि तरी मी घाबरत नाही. फक्त तिच्या डोक्याकडे बघवत नाही. डोकं तसंच आहे, खुरट्या केसांचं, कुठं गोरी कातडी दिसतेय, कुठं कात्रीच्या पायऱ्या.

“आत येऊ का, सिस्टर?”

“ये.”

मी उठून बसते. हात डोक्याकडे जातो तर व्हेल नाही, डोकं झाकायचं ते वस्त्र. माझं डोकं उघडं आहे, विरळ पिकलेले केस. एवढ्या वर्षांत एकाही मुलीनं मला असं पाहिलेलं नाही. मी दोन्ही हातांनी डोकं झाकते.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणते. “माझं बी उघडंच हाय.”

मी खाटेवरून पाय खाली सोडते. खाली फरशी नाही, उसाचं पाचट आहे. तळव्यांना टोचतंय. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि मोकळ्या पट्ट्यात एक बाई पाठमोरी मोळी बांधतेय. तिच्या पाठीचं हाड न् हाड लुगड्यातून दिसतंय. ही वैजंताची आई. दसरा झाला की ही माणसं साखर कारखान्याच्या मुलखात ऊस तोडायला जातात, सहा महिने पाचटाच्या झोपडीत राहतात. पोरींनी त्या वाटेला जाऊ नये, शिकावं, कोवळ्या वयात त्यांची लग्नं होऊ नयेत, म्हणूनच आमचं वसतिगृह आहे. आमच्या आवारात ख्रिस्ती मुली थोड्या, बाकीच्या या. त्यांच्यासाठीच मी घर सोडलं.

“वैजंताच्या आई,” मी हाक मारते.

“तिला ऐकू जात न्हाई,” वैजंता म्हणते. “ती जित्ती हाय.”

“मला इथं कशाला आणलंस?”

“इचारायचं व्हतं.”

“काय?”

“तुमी मला काहून इचारलं न्हाई?”

मी उत्तर द्यायला वळते, तर उसाच्या रांगा राहिलेल्या नाहीत. मुलींच्या रांगा आहेत. वसतिगृहाचं अंगण, ऐंशी मुली, आणि मधे शिवणाच्या वर्गातलं स्टूल. माझ्या हातात शिवणाचीच मोठी कात्री आहे.

ही दुपार मी सात वर्षं ओळखते. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे वसतिगृह बघायला यायचे होते. आठवडाभर आम्ही भिंती पुसत होतो, मुलींची स्वागतगीतं बसवत होतो. बऱ्याच जणींच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. औषध लावलं, बारीक फणी फिरवली, काहींचे केस कापले. वैजंताचे केस कमरेखाली. ती कुणालाच हात लावू देईना. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती खाटेखाली जाऊन बसली. “कापायचे न्हाईत,” एवढंच म्हणत राहिली. एवढी मोठी तेरा वर्षांची मुलगी खाटेखाली बसते, यामागं काहीतरी असेल, हे मला कळायला हवं होतं. मला फक्त पाहुणे दिसत होते.

मी तिला हाताला धरून अंगणात आणलं. खोलीतही नेता आलं असतं. मी अंगणात आणलं.

स्वप्नात मी कात्री खाली ठेवायचा प्रयत्न करते. बोटं कड्यांतून निघत नाहीत. शेपटा स्टुलाखाली पडतो, मग उरलेले केस, ओंजळ ओंजळ. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, “गोटा!” आणि अंगण हसतं.

“आई फाल्गुनात यायची व्हती,” वैजंता स्टुलावरून सांगते. आवाजात राग नाही, वर्गात उत्तर सांगावं तशी सांगते. “जाताना म्हणली, आल्यावर मी माझ्या हातानं इंचरीन. तवर कुणाला हात लावू देऊ नगं. मी व्हय म्हणले व्हते.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“म्हनून तर म्हनते. इचारायचं.”

मी गुडघ्यांवर आहे. गुडघ्यांखाली लाकडी फळी, तोंडासमोर जाळी. चॅपलमधली पापनिवेदनाची जागा. जाळीपलीकडे फादर बसतात. आज तिथं वैजंता बसली आहे, हनुवटी हातावर टेकून.

“मी रागावले होते,” मी म्हणते. हे मी फादरांना आधीही सांगितलंय. सात वर्षांत तीनदा, तीन वेगवेगळ्या फादरांना.

“अन्?”

“पाहुण्यांची घाई होती. माझा तोल गेला.”

“अन्?”

“तू चौथ्या दिवशी पळून गेलीस. एसटीत बसून आजीच्या गावाला. तुझे वडील तुझी पेटी न्यायला आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तिलाच इथं राहायचं नव्हतं. ते माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, पोर लई हट्टी हाय आमची, तुमाला तरास झाला. मी त्यांना हात जोडू दिले.”

एवढं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला वाटतं झालं, आता ती मला उठवेल.

“अन्?” वैजंता विचारते.

जाळीची भोकं मोठी होत जातायत. तिचा सगळा चेहरा दिसायला लागतो.

“मी हसले,” मी म्हणते.

ती मान हलवते. “व्हय. मी वर बघितलं तवा तुमी हसत व्हता. पोरी हसल्या त्याचं काय न्हाई. त्या पोरीच व्हत्या.”

मला तोंड लपवायचं आहे, पण हात पुढच्या सीटच्या दांड्यावर आहेत. आम्ही एसटीत शेजारी शेजारी बसलोय. खिडकीबाहेर कधी ऊस जातो, कधी आमच्या वसतिगृहाची भिंत. मागं कुणी प्रवासी नाही. वैजंता आता मोठी दिसते. कपाळाला कुंकू, हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत, पण खांदे तेच, आठवीतल्या मुलीचे. पळून गेली त्याच उन्हाळ्यात आजीनं तिचं लग्न लावून दिलं. सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली. मला हे तिच्या चुलत बहिणीकडून कळलं, अंजनाकडून. अंजना सहावीत आमच्याकडे दाखल झाली, त्या दिवशी नाव लिहून घेताना तिनं सांगितलं. मी “अरेरे” म्हटलं. वैजंताच्या आत्म्यासाठी चॅपलमध्ये एक मिस्सा, प्रार्थनाविधी, अर्पण करायला सांगितली. मग पुढच्या मुलीचं नाव लिहून घेतलं.

वैजंताच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आहे. आत्तापर्यंत नव्हतं.

“धरा जरा,” ती म्हणते.

“मला धरता येत नाही.”

“येतं. डोकं खांद्यावर घ्या. हां, असं. मानेखाली हात.”

बाळ गरम आहे. अपेक्षेपेक्षा जड. माझ्या मानेपाशी त्याचा श्वास लागतो.

“नाव काय बाळाचं?”

“मला काय ठाऊक? मी बारशापातुर थांबले न्हाई.”

गाडी खड्ड्यातून जाते. मी बाळाला घट्ट धरते आणि मग विचारते. इतक्या उशिरा विचारते की विचारतानाच कान तापतात. “वैजंता, हे जगलं का?”

ती खिडकीबाहेर बघत राहते. “अंजी चार वर्सं झाली तुमच्या म्होरं बसून जेवतीय,” ती म्हणते. “तिला ठावं हाय.”

“मला माफ कर.”

“माफ करून मी कुठं ठिवू, सिस्टर?” ती उठते, पदर सारखा करते. “मला हितं उतरायचंय.”

घंटी वाजते. गाडी थांबते ती आमच्या फाटकापाशी, पण फाटकाच्या आत काही नाही, नुसतं ऊन आहे. वैजंता पायऱ्या उतरते.

“अगं, बाळ!”

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणते. वळून बघत नाही. बाळ खांद्यावर उचकी देतं आणि काहीतरी कोमट माझ्या अंगावर ओघळतं.

मुली ओरडतात. चेंडू भिंतीवर आपटतो.

मी खाटेवर आहे. छताचा पंखा फिरतोय. डोक्याला हात लावते, व्हेल जागच्या जागी आहे. ताप उतरलाय, कपाळ कोरडं, पाठ कोरडी. फक्त डावा खांदा ओला आहे. पांढऱ्या झग्यावर तळहाताएवढा डाग. मी घाम म्हणते स्वतःला. मग मान वळवून वास घेते. तान्ह्या मुलानं गुळणी टाकल्यावर येतो तो आंबूस वास. खोलीत दूध नाही. तांब्यात पाणी आहे, आणि त्यावर झाकण आहे.

दुसरा झगा कपाटात आहे. मी बदलत नाही. चपला शोधत बसत नाही. बाहेर येते, पायरीवर बसते आणि अंजनाला हाक मारते.

ती पळत येते. दहावीतली, उंच, चेंडू तसाच हातात. “सिस्टर, बरं वाटतंय का?”

“अंजना, वैजंताला काय झालं होतं? मुलगा की मुलगी?”

चेंडू दुसऱ्या हातात घेते.

“मुलगी.”

“आहे?”

“हाय की. पाचवं लागंल आता तिला. सपना नाव. काकूकडंच असती, वैजंताक्काच्या आईकडं. तोडीला बी संगंच नेतेत.” आणि मग, “काहून, सिस्टर?”

खेळ थांबलाय. चेंडू का येत नाही बघायला पाचसहा मुली जवळ आल्यात. त्यांच्या मागं आणखी. दर वेळी मी म्हणते, जा, खेळा जा. आज शब्द ओठांवर येतो आणि मी गिळून टाकते. राहू देत. सगळ्या राहू देत. माझे कान जळतायत, हात लपवायला जागा सापडत नाही.

“खाली बस,” मी अंजनाला म्हणते. “तुझ्या बहिणीला मी काय केलं ते तुला कुणी सांगितलं नसेल.”

ती बसत नाही. माझ्या खांद्याकडे बघते.

“सिस्टर, काय सांडलंय हे?”

“दूध,” मी म्हणते, आणि सांगायला लागते.